करकर नसलेला रेडिओ

गाडीतला रेडिओ बंद पडला आणि ड्रायव्हरसाहेबांनी गाडीत बसणंच सोडलं.

ड्रायव्हरसाहेब हे बाईंनी नवऱ्याला ठेवलेलं नाव. आधी चेष्टेनं म्हणायच्या, पुढे तेच तोंडात बसलं. तेहतीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली, एकदाही कुणाला खरचटू दिलं नाही, आणि निवृत्त होऊन धड दोन वर्षं झाली नाहीत तोच काचबिंदूनं गाठलं. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, मग सगळंच. त्याला आता चार वर्षं झाली होती. घरची जुनी गाडी विकायची गोष्ट निघाली तेव्हा बाईंनी काही वाद घातला नाही, सरळ जाऊन शिकाऊ लायसन्स काढलं. वय एकोणसाठ. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे दुसऱ्याकडून शिकताना फार जड गेलं, पण शिकल्या. चालवायला बसल्या की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. ओठ आवळलेले, पाठ ताठ, नजर समोर. शेजारी बसून कुणी काही विचारलं तर उत्तर थेट मुक्कामी पोचल्यावर.

त्यामुळे गाडीत बोलायचा तो रेडिओच. तोही गाडीइतकाच जुना, दोन बाजूंना दोन गोल बटणं आणि मध्ये काटा. ड्रायव्हरसाहेब शेजारी बसून ती बटणं फिरवत राहायचे. पुलाखालून जाताना तो दबून जायचा, विजेच्या मोठ्या तारा आल्या की गुरगुरायचा, आणि मधल्या वेळात करकर करकर. बाईंचं डोकं उठायचं. पण त्या काही बोलायच्या नाहीत, कारण त्या गाडीत नवऱ्याकडे उरलेलं तेवढं एकच काम होतं.

तो बंद पडला आणि ते म्हणाले, "तू जाऊन ये. मी येऊन काय करू? नुसतं सामानासारखं बसायचं."

एक आठवडा बाईंनी सोडून दिला. दुसऱ्या आठवड्यात रागावून पाहिलं, तिसऱ्यात लाडीगोडी लावली. साहेब खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. बाईंना धास्ती बसली ती त्या खुर्चीची. त्यांचे थोरले दीर असेच एका खुर्चीत बसले होते. कुठे दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. नुसते उठेनासे झाले, आणि वर्षभरानं उठवायला दोन माणसं लागायला लागली. आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही, एवढं बाईंनी मनाशी पक्कं केलं आणि चौथ्या सोमवारी गाडी काढून त्या मिलीमीटरकडे गेल्या.

मिलीमीटर म्हणजे गाड्यांचा वायरिंगवाला. खरं नाव पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. त्याचा एक नियम होता: ज्याची गाडी त्यानं काम संपेपर्यंत समोर बसायचं. गाडी ठेवून जातो, संध्याकाळी नेतो, असं म्हणणाऱ्याला तो सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायचा. मागे काय कापलं, काय जोडलं ते मालकानं बघितलंच पाहिजे, झाकून केलेलं काम हे काम नव्हे, असं त्याचं म्हणणं. बाईंना हा माणूस लगेच पटला. वर्गात त्यांचाही असाच खाक्या होता.

त्यानं आधी काचेच्या पडद्याचा, बोटानं नुसता स्पर्श केला की चालणारा स्टिरिओ पुढे केला. बाई म्हणाल्या, हा नको, वापरणाऱ्याला दिसत नाही. मिलीमीटर तो खोका आत ठेवून आला आणि दुसरा आणला. त्याला मधोमध चांगलं जाडजूड गोल बटण होतं, खाली उठावदार अशी सहा लहान बटणं. बाईंनी डोळे मिटून ते चाचपून पाहिलं आणि मान हलवली. वर त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. "एवढं बघा, करकर अजिबात नको. फार ऐकली."

"बाई, माझ्या हातचा स्टिरिओ करकरत नाही," मिलीमीटर म्हणाला. त्यात बढाई नव्हती, तो नुसती माहिती देत होता.

जुना रेडिओ निघाला तेव्हा अडचण कळली. जुन्या डॅशबोर्डला दोन गोल भोकं आणि मध्ये आखूड खिडकी. नवा स्टिरिओ सरळ चौकोनी. दुसरा कुणी असता तर करवत घालून मोकळा झाला असता. मिलीमीटरनं डॅशबोर्डला पातं लावलं नाही. त्यानं आधी कागद दाबून जागेचा ठसा घेतला, तो पुठ्ठ्यावर उतरवला, पुठ्ठा बसवून पाहिला, तीनदा कात्री मारली, आणि मग काळ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून तसाच एक तुकडा कापला. जुना रेडिओ ज्या चौकटीवर बसायचा ती मूळची चौकट चार स्क्रू काढून अख्खी बाहेर घेतली, कापडात गुंडाळून बाईंच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं की ही घरी नीट ठेवा, उद्या कुणाला जुनं परत लावावंसं वाटलं तर अडायला नको. तिच्या जागी नवा तुकडा. कानस, मग जाड पॉलिशपेपर, मग बारीक. दर पाच मिनिटांनी तो डोळे मिटून कडेवरून करंगळी फिरवायचा. नख अडकलं की पुन्हा कानस.

वायरिंगही बाईंनी पाहिलं. गाडीची एकही मूळ वायर न तोडता त्यानं मध्ये वेगळा जोड घातला. पिवळी कायम चालू राहणारी, लाल चावीबरोबर जागी होणारी, काळी गाडीच्या अंगाला. प्रत्येक सांधा डाखाचा, वरून रबरी नळी. मग सगळा जुडगा मखमली पट्टीत गुंडाळला, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी मागे काही खडखडणार नाही. स्टिरिओच्या पाठीला आधाराची पट्टी. छपरावर जुन्या वाकड्या एरियलच्या जागी नवी. आणि शेवटी, बाईंचं सांगणं लक्षात ठेवून, इंजिनाची आणि बाहेरची गुरगुर गाळणारी एक छोटी डबी. रंग वाळला तेव्हा नवा तुकडा कुठे संपतो आणि तीस वर्षांचा डॅशबोर्ड कुठे सुरू होतो ते बाईंना शोधूनही सापडेना. मोठ्या बटणाच्या वर मात्र त्यानं मुद्दाम एक बारीक कंगोरा ठेवला होता. "साहेबांचं बोट टेकायला," म्हणाला. बाईंनी चष्मा काढून पुसला.

ड्रायव्हरसाहेब आले. आधी आढेवेढे घेतले, पण आले. बसल्याबसल्या हात पुढे गेला, कंगोरा सापडला, त्याखाली बटण सापडलं, आणि गाणं असं लागलं की जणू गाणारी मागच्या सीटवर येऊन बसली होती. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं आणि काम नंबरी आहे म्हणाले. बाईंना वाटलं, जिंकलं. तळ्यापर्यंत जाऊन आले. येताना साहेब गप्प होते, तर बाई धरून चालल्या की गाण्यात रमलेत.

दुसऱ्या खेपेला सिग्नलपाशी बाईंची नजर सहज बाजूला गेली. साहेबांचा डावा हात दाराच्या मुठीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "तू जाऊन ये."

आता मात्र बाईंचं टाळकं सरकलं. एक अख्खा दिवस लाकडी स्टुलावर बसून, आंबून जाऊन, एका भल्या माणसाकडून जीव ओतून काम करून घेतलं, आणि हे महाराज पुन्हा खुर्चीत. त्यांनी मनात होतं ते सगळं बोलून टाकलं, दिरांचंसुद्धा. मी एकटी तुम्हाला उचलू शकणार नाही, तेव्हा आत्ताच सांगा काय खुपतंय ते, असं म्हणाल्या आणि रडल्या.

मग साहेबांनी हळूहळू सांगितलं. जुना रेडिओ दबला की त्यांना कळायचं, पूल आला. गुरगुरला की मोठ्या तारा, म्हणजे वीज मंडळाची भिंत. बारीक शिट्टी वाजायला लागली की मनोऱ्याचा चौक. मधलं सगळं ते स्वतः भरून घ्यायचे. तेहतीस वर्षांचा रस्ता, दिसण्याची गरज काय? गाणं ते कधी ऐकतच नव्हते.

"आता नुसतं गोड वाजतं," ते म्हणाले. "आपण कुठे आहोत ते कळत नाही. तू नेशील तिकडे जायचं. भीती वाटते गं."

हा माणूस भीती वाटते म्हणाला, हे बाईंनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. करकर नको, हे सांगणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत गाडी मिलीमीटरच्या दारात नेऊन उभी केली.

करकर परत घाला म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण कारण ऐकल्यावर तो चेष्टा करायच्या भानगडीत पडला नाही. बाईंना स्टुलावर बसवून त्यानं स्वतःच्या हातांनी केलेलं काम सोडवलं. गाळणीची डबी काढली. नवी एरियल काढून जुनी वाकडी लावली. दोघं पुलापर्यंत जाऊन आले. पुलाखाली स्टिरिओ दबला नाही की करकरला नाही. आवाज खराब झाल्याबरोबर स्टिरिओनं स्वतःच तोंड मिटलं, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा गोड सुरू. मिलीमीटरनं हात टेकले. म्हणाला, ही नवी यंत्रं घाण आवाज तुमच्यापर्यंत येऊच देत नाहीत, पूल असो की तारा, सगळीकडे सारखीच गप्प, आणि जुना तर आतून पार जळालाय. त्यानं कामाचं काही घेतलं नाही. गाडीला टेकून त्या चौकटीकडे बघत उभा राहिला.

बाई घरी आल्या आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. "चला. मी सांगते."

"तू? चालवताना?"

"बघते जमतंय का."

फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांना घाम फुटला होता. गिअर बदलायचा, आरशात बघायचं आणि वर तोंडानं बोलायचं, म्हणजे तीन वर्ग एकदम सांभाळण्यासारखं. दोनदा गाडी बंद पडली. पण मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात सांगत तसं सांगायला सुरुवात केली: डावीकडे शाळेची भिंत. पुढे बसथांबा, चार माणसं उभी आहेत. सिग्नल लाल आहे. साहेबांनी हात पुढे करून स्टिरिओ बंद केला. दारावरची मूठ सुटली नव्हती, पण मान बाईंकडे वळली होती.

"आता पेट्रोलपंप," साहेब म्हणाले. "मग लाकडाची वखार. वखारीपाशी खड्डा आहे, जरा उजवीकडे घे."

बाईंना वाटलं, हो म्हणून टाकावं. वर्गात मुलांशी कधी खोटं बोललं नाही तर इथे कशाला, म्हणून त्या म्हणाल्या, "पेट्रोलपंप नाही तिथे."

"चौकाच्या कोपऱ्यावर."

"पाडला. सात मजली दवाखाना झालाय. वखारही गेली. रस्ता रुंद केला ना, तेव्हा. खड्डाबिड्डा काही नाही."

"कधी?"

"झाली की तीन वर्षं."

साहेबांनी तोंड पुढे वळवलं. बाईंनी गाडी कडेला घेऊन थांबवली. मागून एक रिकामी बस भोंगा वाजवत निघून गेली. ती पार दूर जाईपर्यंत साहेब ऐकत राहिले.

"म्हणजे चार वर्षं मी कुठल्या रस्त्यानं जात होतो?" त्यांनी विचारलं.

रोज शेजारी बसून बाई त्याच एका रस्त्यावरून गेल्या होत्या, आणि त्यांना एकदाही सांगावंसं वाटलं नव्हतं. आपल्याला दिसतं ते सगळ्यांना ठाऊकच आहे, असं धरून चालल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अहो, चुकलंच माझं," त्या म्हणाल्या.

"ते राहू दे. गाडी वळव. पहिल्यापासून सांग, घरापासून."

बाईंनी आरशात पाहिलं, दिवा दिला, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबल्या आणि गाडी वळवली. घरापाशी येऊन इंजिन चालूच ठेवलं. साहेब हात मांडीवर ठेवून वाट पाहत होते.

"हे आपलं फाटक," बाई म्हणाल्या. "हिरवं नाही आता. मी राखाडी रंग लावून घेतला, मागच्या वर्षी. तुम्हाला सांगायचं राहिलं."