मंजुषाची पाखरं

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर सावळीरामने घरामागच्या बागेत फिंच पाखरांसाठी जाळीचं मोठं घर बांधलं. लोखंडी अँगल त्यानेच कापले, वेल्डिंगही त्यानेच केलं. साप-उंदीर शिरू नयेत म्हणून खाली फरशी घातली आणि चहूबाजूंनी बारीक जाळी लावली. चिमणीहून लहान, परदेशी जातीची पाखरं त्यात दिवसभर भिरभिरत. बायको मंजुषा त्यांना 'तुमची पाखरं' म्हणायची आणि दाण्याचं फोलपट ओट्यावर उडालं की कटकट करायची.

या पाखरांत गोल्डियनची एक जोडी होती. हिरवी पाठ, जांभळी छाती, नराचं डोकं लालभडक. सावळीरामचा सगळा जीव तिच्यात. पण ही जोडी अंडी घालायची आणि सोडून द्यायची. मग तो ती अंडी उचलून दुसऱ्या, बंगाली जातीच्या फिंचखाली ठेवायचा. बंगाली पाखरं कुणाचीही पिल्लं वाढवतात. "गोल्डियन अशीच असतात," तो सगळ्यांना सांगायचा. "स्वतःची पिल्लं वाढवायची अक्कल नाही त्यांना."

दिवाळीनंतर त्र्यंबक रोडवर त्याची स्कूटर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला, आणि पायऱ्या अजिबात उतरायच्या नाहीत, खाली बसायचं नाही, असं बजावलं. पाखरांचं दाणापाणी मंजुषाकडे आलं.

सावळीरामने पलंग मागच्या खिडकीशी ओढून घेतला. तिथून तो सूचना द्यायचा. "राळा जास्त घालू नकोस! पाण्याचं भांडं घास आधी!"

सुरुवातीला ती हो-हो म्हणायची. मग उत्तर द्यायची बंद झाली. जाळीच्या दारातून आत शिरली की ती पाखरांशी बोलत बसायची. काय बोलते ते त्याला ऐकू यायचं नाही, पण तिचे हात हलताना दिसायचे, मधूनच ती हसायचीही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपल्याशी ही अशी कधी बोलली, हे त्याला आठवेना. आणि पाखरंही नालायक. तो आत गेला की कोपऱ्यात जाऊन बसणारी, आता तिच्या डोक्यावरून खुशाल इकडून तिकडे उडत होती.

एके सकाळी ती पदराला हात पुसत आत आली. "अहो, त्या लाल डोक्याच्या जोडीला पिल्लं झालीत. ओरडतायत."

"बंगालीच्या घरट्याच्या खोक्यात असतील."

"नाय हो. त्यांच्याच खोक्यात. दोघं आळीपाळीनं भरवतायत."

"तू काही केलंस का?"

"मी काय करणार? मला काय येतंय त्यातलं?"

ते ऐकून तो आणखीच जळला. काही न येणाऱ्या बाईच्या हातून हे व्हावं! संध्याकाळी कामटवाड्याच्या महेशचा फोन आला. महेश म्हणजे नाशिकच्या पक्षी पाळणाऱ्यांतला त्याचा जुना दोस्त. तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत उरकून तो म्हणाला, "भाऊ, वहिनींना द्या ना फोन. गोल्डियन स्वतः पिल्लं भरवतायत, असं त्यांनी सकाळी आमच्या हिला सांगितलं म्हणे!" मंजुषा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बोलत राहिली. सावळीराम ताटावरून अर्धवट जेवून उठला. वरण खारट झालंय म्हणाला. खारट नव्हतं.

आठवडाभरात ती अशोकनगरला भाजी आणायला गेली तेव्हा त्याच्याने राहवेना. वॉकर टेकत, कठड्याला धरून तो पायऱ्या उतरला. घाम फुटला, पण जाळीच्या घरात पोचला. गोल्डियनचं खोकं त्याने खालच्या बाजूला टांगलेलं होतं. वाकता येत नव्हतं, म्हणून तो पालथ्या बादलीवर बसला आणि खोक्याचं झाकण उघडलं.

मादी फुर्रकन उडाली. आत चार उघडी पिल्लं होती, चोचीच्या कडेला निळे चमकते मणी. त्याने डोळे भरून पाहिलं. खोटं नव्हतं तर.

झाकण लावून तो उठायला गेला आणि उठताच येईना. पाय लाकडासारखा झाला होता. वॉकर दाराशी राहिला होता, हात पुरत नव्हता. मादी वरच्या दांडीवर बसून चिवचिवत होती. खोक्याकडे झेपावायची, त्याला पाहून परत फिरायची. नर तर जाळीला धडका देत होता. हवेत गारठा होता. पिल्लांच्या अंगावर अजून पीस नव्हतं.

आपण इथे आहोत तोवर ती येणार नाही, हे त्याला कळलं. आणि तेव्हाच दुसरंही कळलं. दर खेपेला जोडीनं अंडी घातली की तो रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून बघायचा. अंडी किती, गरम आहेत का, फुटली का.

त्याने हाका मारल्या. कुणी आलं नाही. मग तो बादलीवरून खाली घसरला, खुब्यातून कळ थेट डोक्यात गेली, आणि कोपरांवर सरकत सरकत दाराबाहेर आला. पायानेच दार लोटलं आणि गवतावर आडवा पडून राहिला.

मंजुषा आली, पिशवी टाकून धावली. "अहो! काय झालं? कसे आलात इथं?"

"गप्प. आत बघ. मादी गेली का खोक्यात?"

तिने पाहिलं. "आत्ताच शिरली. तुम्ही उघडलं होतं?"

तिने त्याच्या कोपराचं रक्त पदराने टिपलं.

"तू उघडायचीस का झाकण?" त्याने विचारलं.

"कशाला? बाळंतिणीच्या खोलीत कुणी सारखं डोकावतं का?" मग शेजाऱ्यांना बोलवायला उठता उठता ती म्हणाली, "मला वाटायचं, या पाखरांत असं आहे तरी काय, की माणूस घरात टिकत नाही. म्हणून बसायचे त्यांच्यात."

एक पिल्लू गारठून मेलं. उरलेली तीन मोठी झाली. डॉक्टरांनी पुन्हा खुब्याचा एक्स-रे काढला आणि पलंगावरचा मुक्काम वाढवला.

पिल्लं खोक्यातून बाहेर पडली त्या रविवारी महेश पाहायला आला. "भाऊ, गुपित काय?"

"तिला विचार," सावळीराम म्हणाला. "तिची पाखरं आहेत."

महेश बागेत गेला. मंजुषा त्याला हातवारे करून काहीतरी समजावत होती आणि तो मान डोलावत होता. सावळीरामने थोडा वेळ पाहिलं, मग खिडकी लावून घेतली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.