बाहुलीची टाचणी

"बाहुलीची टाचणी कोणी काढली?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"मीच," नवरा म्हणाला. "आवरताना दिसली. म्हटलं, चुकून राहिली असेल."

"अहो, राहिली नव्हती, ठेवली होती!"

चार वर्षांपूर्वी बाईंचे पाय अचानक जड झाले, उजव्या हाताची बोटं बधिर झाली. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, असं डॉक्टरांनी समजावलं. "म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक सोलल्यासारखं," नवरा म्हणाला. तो वायरमन. त्या शक्तीला आवर घालायला आठवड्यातून तीनदा इंजेक्शन घ्यायचं, आणि दर वेळी नव्या जागी. म्हणून बाईंनी चिंध्यांची बाहुली शिवली. मागच्या वेळी जिथे टोचलं, तिथे लाल टाचणी.

टोचायच्या मात्र नणंदबाई, निवृत्त नर्स. आज त्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. बॅग दारात होती.

"वहिनी, माझ्यासमोर स्वतः टोचून घे. नाहीतर मी जात नाही."

"असं कसं? पोरगी वाट बघतेय तिथे! बरं, परवा कुठे दिलंत ते तरी सांगा, वन्सं."

"नाही सांगणार. उद्या मी नसताना कुणाला विचारशील?"

बाईंनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं पोटावरून, मांड्यांवरून हळूहळू फिरवली, कापडातली शिवण चाचपावी तशी.

"डावी मांडी! दोऱ्याची गाठ राहावी तसं लागतंय. मग आज पोट."

"शाब्बास. घाम कशाला फुटलाय? जन्मभर सुया टोचल्यास की."

"कापड ओरडत नाही हो!"

फ्रिजमधून अर्ध्या तासापूर्वीच काढलेली औषध भरलेली सुई बाईंनी डाव्या हातात धरली. श्वास घेतला. टोचली. सगळं औषध आत जाईपर्यंत हात हलू दिला नाही.

"झालं?" भिंतीकडे तोंड करून उभ्या नवऱ्याने विचारलं.

"झालं! वळा आता, शूरवीर!"

तिघंही पोट धरधरून हसले. बाईंना तर आधी पोटावरचा कापूस सांभाळावा लागला.

वापरलेली सुई डब्यात गेली. मग बाईंनी बाहुली पुढे ओढली आणि टाचणी मुद्दाम उजव्या हाताने उचलली. ती निसटली. नवरा वाकणार, तोच नणंदबाईंनी त्याची बाही धरली.

दुसऱ्यांदा उचललेली टाचणी बाहुलीच्या पोटात गेली. थोडी तिरकी, पण घट्ट.

नणंदबाईंनी बॅग उचलली.