सगळ्यांचा एकच पत्ता

आमचं रजेचं ॲप आतल्या मशीनवर चालतं. तिथे कोणी थेट घुसू नये म्हणून मी पुढे एक वेब सर्व्हर बसवला. येईल ती मागणी तो आत पोचवणार. दुपारी सगळ्या ऑफिसचं लॉगिन बंद!

साहेब डाफरले, "काय करून ठेवलंस हे?"

तीनदा पासवर्ड चुकला की ॲप त्या संगणकाच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला कुलूप लावतं, आणि माझा सर्व्हर प्रत्येकाच्या नावाने स्वतःचाच पत्ता सांगत होता. कुण्या दिवट्याची बोटं घसरली आणि सुक्याबरोबर ओलंही जळालं. प्रत्येकाचा मूळ पत्ता आत कळवायची ओळ मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घातली. सगळे सुरू झाले.

थोड्या वेळाने साहेब पुन्हा आले. आवाज लोण्यासारखा.

"अगं, आता फक्त माझंच बंद पडलंय."