सात नंबरचा डबा परत येत नाही

मित्रांनो, माझ्या काठाचे टवके मोजत बसू नका, वेळ जाईल. पांढऱ्या एनॅमलचा, कडीचा, जुना डबा आहे मी. झाकण तर इतकं सैल की चालता चालता बडबडतं. नारीन नावाच्या डोंगरी गावातल्या एका शाळेत मी वीस वर्षं दूध वाहिलं. मग नवी भांडी आली आणि मला खिळे ठेवायला दिलं. तिथेच गंजून गेलो असतो, पण शाळेतल्या स्वयंपाकीणबाई असीपा यांनी खिळे ओतून टाकले, मला राखेने घासलं आणि पोटावर लाल रंगाने सात आकडा काढला. तेव्हापासून मी आशरचा झालो.

आशर म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी हात लावायचा. आमच्या वस्तीतल्या बारा जणांनी त्याचं मंडळच केलं होतं. एकट्या पडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या चौदा घरी शोर्पो, म्हणजे मटणाचा गरम रस्सा, पोचवायचा. सोमवारी रिकामे डबे गोळा करायचे, मंगळवारी भरून द्यायचे. तसंच गुरुवारी आणि शुक्रवारी. डबे मोजके. परत आला तोच भरला जाई.

माझ्या वाट्याचं घर नदीकाठच्या म्हाताऱ्या झूरा आपाचं. नवरा वारलेला, मुलगा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. आपाने मला कधी रिकामं परत पाठवलं नाही. चार जर्दाळू, नाहीतर शेळीच्या दह्याचे वाळवलेले गोळे, काहीतरी असायचंच. तुमच्या आईलाही विचारा, शेजारणीची वाटी ती कोरडी परत देते का.

या हिवाळ्यात आपाची शेळी मेली. जर्दाळूही संपले. त्या सोमवारी असीपाने दार वाजवलं.

"आपा, डबा द्या."

दार बोटभर उघडलं. "अगं, रस्सा शिल्लक आहे अजून. पुढच्या खेपेला ने."

"शिल्लक? खाता की मांजराला घालता?"

"तुझ्या हातचा आहे म्हणून पुरवून खाते."

मित्रांनो, मी आत फळीवर कोरडा ठणठणीत बसलो होतो. आपाने मला तीनदा घासलं होतं.

गुरुवारी तेच. पुढच्या सोमवारी तेच. असीपाला ते लागलं. तिला वाटलं, आपल्या रश्शाला चव राहिली नाही. गाडी चालवणारा किदिर म्हणाला, "भाचा-बिचा आला असेल राहायला. भरल्या घरी कशाला वाढतेस? डबा सोडव आणि रांगेतल्या माणसाला दे."

आत काय चाललंय ते मी एकटाच बघत होतो. आधी कोळसा संपला. मग आपाने पाटाच्या फळ्या जाळल्या. माझ्यात बर्फ वितळवून त्या कोमट पाण्यात ती पावाचा वाळका तुकडा बुडवायची. नंतर तुकडाही उरला नाही. गुरुवारी दार वाजलं तेव्हा तिला भिंत धरून उठावं लागलं.

"आपा, आज डबा न्यायलाच हवा," असीपा जरा तुटकच बोलली. "दुसऱ्या घरी लागतोय."

आपाने पेटी उघडली, तळातून एक घडी काढून माझ्या पोटात ठेवली, झाकण लावलं आणि मला फटीतून बाहेर दिलं. दाराला आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

असीपाने मला न उघडता पायाशी ठेवलं. बर्फाचं वादळ सुरू झालं होतं, अजून सहा घरं राहिली होती. गाडी निघाली. आपाचं घर मागे पडत चाललं आणि मला ना हात, ना जीभ. होतं ते एक सैल झाकण. प्रत्येक खड्ड्याला मी ते जीव खाऊन वाजवलं. नदीवरचा पूल आला. पलीकडचा रस्ता अरुंद, पूल ओलांडल्यावर या बर्फात परत फिरणं शक्य नव्हतं.

"त्या डब्याचं तोंड बंद कर बाई, डोकं उठलं," किदिर म्हणाला.

झाकण दाबायला असीपा वाकली, ते सरकलं आणि तिने आत पाहिलं. निळ्या फुलांचा कोरा रुमाल. घडीला टाचणी तशीच. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका असे रुमाल पेटीच्या तळाशी जपतात. आपण गेल्यावर आपल्याला आंघोळ घालणाऱ्या बायकांना वाटायला.

"किदिरदादा, गाडी फिरव."

"डोकं फिरलंय का तुझं? या वादळात..."

"तिने मला मयताचा रुमाल दिलाय."

किदिरने ब्रेक दाबला. गाडी फिरवली.

दार आतून बंद होतं, त्याने खांद्याने पाडलं. आपा विझलेल्या शेगडीपाशी आडवी होती, ओठ निळे. किदिरने गाडीतली खोकी मोडून जाळ केला. असीपा तिचे पाय चोळत राहिली, चमच्याने गरम पाणी पाजत राहिली. बऱ्याच वेळाने आपाने डोळे उघडले.

"घालायला काहीच नव्हतं गं. रिकामा डबा कसा देऊ?"

"म्हणून उपाशी बसलात?" असीपा चिडली होती, रडतही होती. "आणि मी दारातून भांडून जात होते."

आपा वाचली. मंडळाने त्या दिवसापासून नियम केला, डबा दारातून घ्यायचा नाही, आत जाऊन घ्यायचा. मित्रांनो, तुम्हीही कुणाला मदत करत असाल तर एवढं लक्षात ठेवा. ज्या घरून भांडं परत येत नाही, तिथे भांडं मागू नका. आत जा, चूल बघा, माणूस बघा.

पुढे आपा हिंडूफिरू लागली तो सोमवार. मला हातात घेऊन ती घरभर बघत राहिली. फळी रिकामी, पेटीला तर असीपा हात लावू देईना.

"आपा, आज मला आशीर्वाद घाला यात."

आपाने माझ्यावर दोन्ही तळवे उघडे धरले, बराच वेळ पुटपुटली, तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि घाईने झाकण लावलं. असीपाने मला दोन्ही हातांनी गाडीत आणलं आणि मांडीवर घेतलं.

"काय दिलं म्हातारीने?" किदिरने विचारलं.

"काठोकाठ भरलाय. हळू चालव."