मल्हारीच्या चिमटीतले गोचीड

छकुलीच्या कानामागे गोचीड निघाला, त्याच दिवशी प्रांजली तिला घेऊन भोकरदनला माहेरी गेली. जाताना सासूला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, गोचीड गेले की फोन करा. त्याबिगर लेकराला इथं झोपवणार न्हाई मी."

जयवंताबाईचा जीव नातीसाठी तुटत होता. गायीला, शेळ्यांना दोनदा औषध लावून झालं. आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. शेवटी तिने जनावरांच्या दवाखान्यातल्या राजनंदिनी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

बाई आल्या तेव्हा जयवंताबाईचा नवरा मल्हारी गायीपाशी बसून गोचीड वेचत होता आणि खांद्यावरून मागे भिरकावत होता.

"मामा, हे काय करून राह्यले?"

"वेचून राह्यलो. धनगराचा हात हाय, बाई. डोळे मिटून बी एक सुटायचा न्हाई."

"आणि फेकता कुठं?"

मल्हारीने हनुवटीनेच घराची भिंत दाखवली. तिला टेकून जळणासाठी पऱ्हाट्या रचल्या होत्या.

बाईंनी एक टपोरा गोचीड कागदावर घेतला. "ही मादी. गायीवरून सुटली की आडोशाला शिरून हजारो अंडी घालते. तुम्ही तिला रोज घरपोच करताय."

जयवंताबाईने पदर तोंडाला लावला. "मंग इतकी वर्षं यांनी पेरणीच केली म्हणा की!"

"हस, हस," मल्हारी पुटपुटला. पण दुपारी पहिली पऱ्हाटी त्यानेच उचलली.

ढीग लांब बांधावर गेला. घराभोवतीचं गवत निघालं, शेळ्यांचा खुंटा दूर ठोकला गेला. भिंतीच्या फटींत बाईंनी दिलेलं औषध फवारून दोघांनी त्या लिंपून घेतल्या; सांगितल्या दिवशी पुन्हा फवारलं. वेचलेले गोचीड आता साबणाच्या पाण्याच्या डब्यात पडू लागले, वर घट्ट झाकण.

दीड महिन्याने जयवंताबाईने फोन केला. प्रांजली आली, पण पोरीला कडेवरून उतरवेना. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मल्हारीने पांढरं धोतर अंगणभर, भिंतीच्या कडेकडेने हळूहळू ओढलं. दोन्ही बाजू उन्हात धरल्या. एक काळा ठिपका होता. प्रांजलीने नखाने टोकरला.

"तीळ हाय, आत्याबाई."

"पुन्हा ओढा वो. बराबर बघू द्या तिला," जयवंताबाईच म्हणाली.

दुसऱ्यांदा नुसती धूळ निघाली.

"दर महिन्याला बघायचं पण," प्रांजली म्हणाली. मग तिने लिंबाखाली वाकळ अंथरली आणि पेंगुळलेल्या छकुलीला तीवर अलगद निजवलं. जयवंताबाई शेजारीच पाय पसरून बसली आणि पोरीला थोपटू लागली.