केळ्याचा वास आणि खवळलेल्या माश्या

मित्रांनो, मी एक जुना वास आहे. तपकिरी काचेच्या छोट्या बाटलीत राहतो आणि गोळ्यांना केळ्याची चव देतो. खरं सांगू? केळं मी अजून जवळून पाहिलेलं नाही.

माझं पाळण्यातलं नाव आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. ते घेताना सगळ्यांची बोबडी वळते, म्हणून मला नुसतं इसेन्स म्हणतात. उग्र वासाचं एक अल्कोहोल आणि व्हिनेगरमधलं आम्ल कारखान्यात एकत्र तापवलं, त्यांचं सूत जुळलं आणि मी जन्मलो. आईबापांच्या वासाला लोक नाकं मुरडतात, लेकरू मात्र गोड निघालं! मी दिसतो पाण्यासारखा, पण पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतो. झाकण उघडं राहिलं की उडून जातो आणि ठिणगी पडली की पेट घेतो.

मी ज्या घरी आलो, तिथल्या वहिनी गोळ्या करून विकतात. पाक झाला की त्या आधी शेगडी बंद करायच्या, पाक जरा निवू द्यायच्या आणि मगच ड्रॉपरने माझे मोजके थेंब घालायच्या. मुलं मिटक्या मारत गोळ्या खायची आणि मी बाटलीतल्या बाटलीत फुशारून जायचो.

एकदा घाईत वहिनी मला बाटलीतून थेट ओतायला गेल्या. मी सांडलो. त्यांनी मला अ‍ॅप्रनला पुसलं आणि तशाच मागच्या अंगणात दिरांना चहाला बोलवायला गेल्या. तिथे दिरांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. एरवी गरीब असलेल्या माश्या एकदम खवळल्या! वहिनींचे हात सुजले. त्यांना घरात ओढून नेताना दिरांचं नाक बटाट्याएवढं झालं.

"भावोजी, या पेट्या आजच्या आज हलवा! घरात लहान मुलं आहेत," वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

दिरांचा चेहराच उतरला. माश्यांवर त्यांचा फार जीव, आणि पेट्या न्यायला दुसरी जागा नव्हती. मला इतकं वाईट वाटलं! खरं कारण मला ठाऊक होतं, पण मला ते कुठे सांगता येतं?

वहिनींच्या हाताला मलम लावताना दीर थबकले. सुजल्या नाकाने त्यांनी अ‍ॅप्रन हुंगला.

"वहिनी, माशी डंख मारते ना, तेव्हा अस्साच वास सुटतो. तो आला की बाकीच्या समजतात, घरावर संकट आलंय."

"म्हणजे मीच त्यांना बोलावलं?"

"अगदी आग्रहाने!"

वहिनींना हसू फुटलं. पेट्या राहिल्या आणि मीही राहिलो. आता अंगणात जाण्याआधी त्या साबणाने हात धुतात आणि कपडे बदलतात.

मित्रांनो, मोठी माणसं जवळ असतील तरच मला हात लावा. झाकण घट्ट लावा, मला आगीपासून लांब ठेवा आणि बाटलीत नाक खुपसून हुंगू नका, डोकं दुखेल. मला एकच शब्द बोलता येतो. मुलांना तो 'या' असा ऐकू येतो आणि माश्यांना 'तुटून पडा' असा. तो बदलणं माझ्या हातात नाही. मला कुणाजवळ नेऊन उघडायचं, हे मात्र तुमच्या हातात आहे.