दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

"खिडकी लाव आधी," मी बायकोला, पुलानेला म्हणालो, तशी मा-थुसो खुर्चीतूनच हसली.

"आब्राम, पोराची तबकडी ऐकायचीय मला. बॉम्ब नाही बनवायचाय."

रविवारची दुपार होती. चर्चमधून म्हातारी तडक आमच्याकडे आली होती, अंगात चर्चच्या बायकांच्या मंडळाचा लाल ब्लाउज आणि डोक्यावर पांढरी टोपी तशीच. मा-थुसो म्हणजे थुसोची आई, आणि थुसो माझा बालमित्र. बावीस वर्षांपूर्वी ट्रंपेट घेऊन देशाबाहेर गेला आणि सरकारनं त्याला परत येऊच दिलं नाही. लंडनमध्ये त्याचं नाव झालं. त्याची नवी तबकडी आमच्या सरकारी रेडिओ केंद्रात आल्याची बढाई मीच मारली होती, आणि तेव्हापासून तिनं माझा पिच्छा पुरवला होता. शेवटी शुक्रवारी कोटात लपवून आणली. पुलानेनं खिडकी लावली आणि वर पडदाही ओढला.

मी रेडिओच्या तबकड्यांच्या कपाटांवर कामाला होतो. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, आब्राम तबकड्या पुसतो, लावून ठेवतो. तेही करायचोच. पण वरच्या मजल्यावर गोऱ्या साहेबांची समिती गाणी ऐकायची, आणि ज्यात सरकारला टोचेल असं काही निघेल त्याची चिठ्ठी खाली माझ्याकडे यायची. मग मी खिळा घेऊन त्या गाण्यावर आडवे ओरखडे ओढायचो, म्हणजे निवेदकानं चुकूनसुद्धा ते वाजवू नये. गाणं आधी ऐकायचं नाही, असा मी स्वतःला नियम घालून घेतला होता. ऐकलं की हात चालत नाही. दोन मुली शाळेत होत्या. लाज वाटायची, आणि तरी मी खिळ्याला धार लावून ठेवायचो.

थुसोच्या तबकडीची चिठ्ठी होती: दुसरी बाजू, तिसरं गाणं. गुरुवारी चहाच्या आधी मी ते उरकून टाकलं होतं.

पहिली बाजू सगळी नाचायची. पुलाने मग्विन्या, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळता तळता कमरेत हलायला लागली.

"हे काय रे, लग्नात वाजवतात तसलं!" मा-थुसो म्हणाली, पण तिची पावलं खाली थांबत नव्हती. "बापावर गेलाय मेला. नुसता नाच्या."

दुसरी बाजू लावली. सुरुवातीला थुसोनं एकट्यानं ट्रंपेटवर एक छोटी तान घेतली होती. मग एक गाणं झालं. त्यानंतर सुई खटखटायला लागली.

"प्रवासात ओरखडा गेलाय," म्हणत मी ती उचलून पुढे ठेवली.

पुढचं गाणं तसंच उडतं, मागे पोरींचा कोरस. आणि थुसो त्याच्या घोगऱ्या आवाजात आमच्या जुन्या वस्तीतल्या माणसांची नावं घेऊ लागला. गोऱ्यांना जागा हवी म्हणून ज्यांची घरं पाडली आणि आम्हा काळ्यांना ट्रकमध्ये भरून इथं आणून टाकलं, ती सगळी माणसं. प्रत्येक नावानंतर पोरी विचारत, तुझं दार कुणी नेलं?

मा-थुसो चर्चमधल्यासारखी प्रत्येक नावाला उत्तर देत होती. "आहे अजून. गेली बिचारी. हा तुरुंगात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. समितीला नको होतं ते हे गाणं. सुरुवातीची तान त्यांनी गाणं म्हणून मोजलीच नव्हती. मी न ऐकता, नुसते पट्टे बघून मोजली होती.

"आता ते मधलं सुटलेलं लाव," ती म्हणाली. "नाव काय त्याचं?"

मी वाचून दाखवलं. 'आईची इस्तरी.'

मग मला राहवेना. "मा-थुसो, तो ओरखडा प्रवासातला नाही. मी ओढलाय. खिळ्यानं."

"त्यांनी सांगितलं?"

"ह्याचं नव्हतं सांगितलं. माझी मोजण्यात चूक झाली."

"किती वर्षं करतोस हे?"

"एकोणीस."

"आणि दर रविवारी माझ्या शेजारी बसून भजनं म्हणतोस!"

पुलानेनं झारा खाली ठेवला. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, म्हातारी उठून जाईल. ती म्हणाली, "लाव."

नुसतं ट्रंपेट होतं, शब्द नव्हतेच. एक ओळ वाजली आणि सुई उडाली.

"उचल," ती म्हणाली. मी उचलली. मोडलेली ओळ ती स्वतः गायला लागली. "कोळसे लाल, इस्तरी जड, साहेबाचा सदरा, बाळा, नको ही रड. हं, ठेव आता."

मी ठेवली. थुसो वाजवायचा, सुई उडायची, मी उचलायचो, ती तेवढी तुटलेली ओळ गायची. अख्खी दुपार आम्ही ते एकच गाणं ऐकलं. इस्तरीच्या टेबलाखाली झोपलेल्या पोरासाठी तिनं ते रचलं होतं. मी तिचा चेहरा बघायचं टाळत होतो.

संध्याकाळी ती टोपी सावरून निघून गेली. पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये माझ्यापासून लांबच्या बाकावर बसायला लागली. मी तबकडी परत नेली. चूक कळल्यावर त्या नावांच्या गाण्यावर खिळा ओढायला हवा होता. नाही ओढला. आयुष्यात बंड म्हणून मी एवढंच केलं.

पाच वर्षांनी देश बदलायला लागला आणि थुसो परत आला. मा-थुसोला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पांढरी दाढी घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात बसला.

"आईनं ऐकलं का रे, तिचं गाणं?"

मी सगळं सांगितलं, खिळ्यासकट. तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. 

"शब्द काय होते?" त्यानं विचारलं. "चाल राहिली माझ्याजवळ. शब्द विसरलो. तिकडे कुणाला विचारणार?"

माझा आवाज म्हणजे फुटका पत्रा. तरी गायलो. एक ओळ गायलो, थांबलो, पुढची गायलो, पुन्हा थांबलो. तो डोळे मिटून ऐकत होता.

"आणि मधल्या ओळी?"

"मधल्या मला येत नाहीत," मी म्हणालो. "तिथं तू वाजवत होतास."